पंधरा तासांची घाण

विमानाचं दार उघडलं की मुकादमबाई आधी नाक आत घालत, मग पाय. दारात उभं राहून एक श्वास घेतला की विमान किती तास उडून आलंय हे त्यांना कळे, आणि त्या हिशेबाने त्या सफाईच्या टोळीतल्या बायकांना कचऱ्याच्या पिशव्या वाटत. दोन तासांचं विमान म्हणजे बिस्किटांचा चुरा, चॉकलेटचे कागद आणि खिडकीच्या काचेवर उमटलेलं डोक्याचं तेल. सहा तासांचं म्हणजे सांडलेला रस, तान्ह्या मुलांनी ओकलेलं दूध आणि शौचालयाबाहेरच्या गालिच्यावर ओली पावलं. बारा तासांच्या पुढे मात्र माणसाने किती खाली जावं याला हद्द राहत नसे. घामट मोजे उशीच्या अभ्र्यात सापडत. कापलेली नखं चहाच्या कपात सापडत. भरलेला लंगोट व्यवस्थित गुंडाळी करून समोरच्या सीटच्या खिशात, सुरक्षेच्या सूचनांचं पत्रक असतं त्याच्या मागे, ठेव ठेवल्यासारखा ठेवलेला असे.

"जनावरं," मुकादमबाई म्हणत. बावीस वर्षांत त्यांनी प्रवाशांसाठी दुसरा शब्द वापरला नव्हता.

"जनावरांना कशाला नावं ठेवतेस?" टोळीतली बुटकी म्हणे. "ती कधी कपात नखं कापतात का?"

बुटकी म्हणजे टोळीतली सगळ्यात जुनी बाई. सीटवर उभी राहिल्याशिवाय तिचा हात वरच्या कप्प्यापर्यंत पोचत नसे. मुकादमबाईंना "अगं तूगं" करायची हिंमत तिच्याच एकटीत होती.

प्रवाशांची तोंडं या बायकांनी क्वचितच पाहिली. त्या आत शिरत तोवर ती मंडळी निघून गेलेली असत. त्यामुळे टोळीत माणसं सीटच्या नंबरावरून ओळखली जात. एकोणीस सी गलिच्छ आहे. सत्तावीस एफने चिंगम चिकटवलंय. तेहतीस ए आजारी होता, खोळ काढा, गादी बदला. मोठं विमान पाऊण तासात आवरायचं असे. पुसायला पाहिजे ते सगळं पुसून होत नसे. "दिसतं तेवढं पुसा," असा वरच्या साहेबांचा मंत्र होता. ज्या फडक्याने हात टेकायची पट्टी पुसली जाई त्याच फडक्याने जेवणाचं टेबल पुसलं जाई, आणि पुढच्या प्रवाशाला सगळं लखलखीत दिसे. मुकादमबाईंना प्रवाशांची किळस होती. या लखलखाटाचीही होती. पण ही दुसरी किळस त्या बोलून दाखवत नसत, कारण तिच्यात त्यांचा स्वतःचा हात होता.

एक नियम मात्र त्यांनी स्वतः घालून दिलेला होता आणि तो मोडणाऱ्या बाईला त्या त्याच दिवशी शौचालयांवर पाठवत. सीटच्या खिशात हातमोजा न घालता हात घालायचा नाही. कितीही घाई असो, आत सोन्याची अंगठी दिसो. कारण सात-आठ वर्षांपूर्वी बुटकीने तसा हात घातला होता आणि आत कुणी तरी इंजेक्शनची वापरलेली सुई टोपण न लावता टाकली होती. बुटकीच्या रक्ताच्या तपासण्या सहा महिने चालल्या. काही निघालं नाही. पण ते सहा महिने बुटकी आपल्या नातवाला उचलून घेत नव्हती. तेव्हापासून सीटचा खिसा दिसला की मुकादमबाईंची बोटं आपोआप मुठीत जात.

घरी आल्यावरही त्यांचा एक शिरस्ता होता. दार उघडायचं, कपडे न्हाणीघरातल्या बादलीत टाकायचे, अंघोळ करायची, मग माणसांना हात लावायचा. लेक लहान होती तेव्हा पळत येऊन मिठी मारायला बघे आणि मुकादमबाई दारातूनच हात उभा करत. "थांब. जवळ येऊ नकोस. आधी अंघोळ." पोरगी मग न्हाणीघराच्या बंद दाराबाहेर बसून राही आणि आतून पाण्याचा आवाज थांबला की विचारी, "आज कोणतं जनावर?"

आतून उत्तर येई, "एकतीस बी."

"काय केलं त्याने?"

मग मुकादमबाई त्या दिवसातलं सगळ्यात किळसवाणं काय ते सांगत आणि पोरगी शीऽ शीऽ करत पोट धरून हसे. इतर घरांत राजा-राणीच्या गोष्टी होत्या, या घरात सीटचे नंबर होते.

तीच लेक लग्न होऊन इतक्या लांब गेली की तिच्या गावाला थेट जाणारं एकच विमान होतं आणि ते पंधरा तास उडत असे. मुकादमबाईंना ते विमान चांगलं माहीत होतं. दिवसाआड दुपारी ते परत येई आणि टोळीतल्या बायका ते आलं की नाकाला दोन रुमाल बांधत. लेकीचं सासर किती दूर हे मुकादमबाईंना नकाशावरून कळलं नाही. नाकाने कळलं.

अंतर मोजायचं काम त्यांच्या नवऱ्याने अंगावर घेतलं होतं. नवरा निवृत्त ट्रक ड्रायव्हर. टोळीतल्या बायका त्यांना पाठीमागे किलोमीटरराव म्हणत आणि हळूहळू तोंडावरही म्हणायला लागल्या. त्यांनी मोबाइलवर कुठलीशी साइट शोधून काढली होती. दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर आणि लागणारा वेळ ती सांगे. तेरा हजार सहाशे चार किलोमीटर. साडेचौदा तास. हे त्यांनी न्हाव्याला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या बाईला जिन्यात अडवून सांगितलं.

"तिकिटावर मात्र पंधरा तास दहा मिनिटं दाखवतायत," ते म्हणाले. "चाळीस मिनिटं कुठे गेली?"

"मला काय विचारता?" मुकादमबाई म्हणाल्या.

"साइटवर आहे ते सरळ रेषेतलं अंतर. म्हणजे हा वळसा घालून नेतोय. ड्रायव्हर लोकांच्या सवयी मला माहीत आहेत. ओळखीच्या टपरीवर थांबत असणार."

लेकीने तीन वर्षांत तीनदा बोलावलं. एकदा मुकादमबाईंचे गुडघे दुखत होते, एकदा पाठ, एकदा कामावर सुट्टी नव्हती. खरं कारण घरातल्या भिंतींनाही माहीत होतं. बावीस वर्षं त्या रोज विमानात जात होत्या, पण उभ्या विमानात. दार लागून ते हललं आहे आणि आपण आत आहोत, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. उंचीची त्यांना भीती नव्हती. पडण्याचीही नव्हती. त्या सीटवर पाठ टेकून पंधरा तास बसायचं, दुसऱ्याच्या डोक्याचं तेल लागलेल्या उशीवर डोकं ठेवायचं आणि त्या शौचालयात जायचं, हे त्यांच्याने होणार नव्हतं.

चौथ्यांदा फोन आला तेव्हा लेकीला सातवा महिना संपत आला होता.

"आई, या वेळी कारण नको."

"कारण कुठे सांगतेय? गुडघे आहेत म्हणून सांगतेय."

"मागच्या वेळी पाठ होती."

"पाठ काय निराळ्या बाईची आहे?"

लेक हसली नाही. म्हणाली, "मला भीती वाटते गं. इथे सगळे चांगले आहेत, पण मला तू हवीस. तू नाही आलीस तर मी काही म्हणणार नाही. पण ते माझ्या लक्षात राहील."

असं बोलणारी पोरगी ती नव्हती. मुकादमबाईंनी फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन आधीच स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसला. बाहेर येऊन म्हणाल्या, "सांगा तिला, येते."

तयारी त्यांनी आपल्या पद्धतीने केली. स्वतःची चादर, स्वतःची उशी, ओल्या कागदी रुमालांची चार पाकिटं, रबरी हातमोज्यांचे सहा जोड. किलोमीटररावांनी ते मोजे पिशवीतून बाहेर काढले.

"हे कशाला?"

"लागतील."

"अगं, तू प्रवासी म्हणून चाललीयस. मुकादम म्हणून नाही. जावयाने तिकीट काढलंय. तिथे मोजे घालून बसलीस तर लोक म्हणतील ऑपरेशन करायला आलीय."

त्यांनी मोजे कपाटात ठेवून दिले. मुकादमबाईंनी वाद घातला नाही, कारण त्यांचा खरा बंदोबस्त दुसराच होता आणि तो नवऱ्याला त्यांनी सांगितलेला नव्हता. आदल्या संध्याकाळपासून त्यांनी खाणं बंद केलं, पाणीही बंद केलं. पोटात काही गेलं नाही तर शौचालयात जावं लागणार नाही. एवढा साधा हिशेब.

दुपारी त्या विमानतळावर बाकावर बसल्या होत्या तेव्हा बुटकीचा फोन आला. विमान आलं होतं आणि टोळी आत होती.

"तुझं सिंहासन तयार आहे," बुटकी म्हणाली. "बेचाळीस एच. खोळ नवी घातलीय, पट्टा धुतलाय, टेबल तीनदा पुसलंय, तेही वेगळ्या फडक्याने. खिसासुद्धा पुसलाय बरं का, मोजा घालून. आत बिनधास्त हात घाल."

"कसं आलंय विमान?"

"नको विचारूस. बसायचंय ना तुला?"

बेचाळीस एच ही मार्गिकेलगतची सीट होती. मधल्या सीटवर किलोमीटरराव, खिडकीशी एक दाढीवाला तरुण, ज्याने बसल्या बसल्या बूट काढले. मुकादमबाईंनी त्याच्या पायांकडे पाहिलं आणि आपली चादर सीटवर अंथरली. टेबल उघडून पुसलं. बंद करून पुसलं. पट्टा पुसला, हाताची पट्टी पुसली, समोरच्या पडद्याची काच पुसली. खिशाला हात लावला नाही. किलोमीटरराव समोरच्या पडद्यावर नकाशा लावून बसले. त्यावर एक पांढरं विमान, केलेलं अंतर, उरलेलं अंतर आणि उरलेला वेळ दिसत होता.

विमान उडालं. मुकादमबाईंनी डोळे मिटले नाहीत. उलट, आजवर ज्याचा फक्त शेवट त्यांनी पाहिला होता ते घडताना त्यांना पाहायचं होतं. जेवण आलं, त्यांनी नको म्हटलं. किलोमीटररावांनी दोघांचं खाल्लं. ताटल्या गेल्या, पण झाकणाचे चंदेरी कागद गेले नाहीत, ते बोटाएवढे बारीक होऊन सीटच्या फटीत उतरले. मग एकेक करून मोजे निघाले. पलीकडच्या सीटवरच्या बाईने समोरच्या टेबलावर बाळ आडवं केलं आणि त्याचा लंगोट बदलला. त्याच टेबलावर अर्ध्या तासाने तिने पाव ठेवून खाल्ला.

"किती झाले सांगू?" मुकादमबाई नवऱ्याला म्हणाल्या. "सात तास."

किलोमीटररावांनी पडद्यावर पाहिलं. "सहा तास पन्नास मिनिटं. तुला कसं कळलं?"

"लोक अनवाणी शौचालयात जायला लागले."

"बरं, मग?"

"तिथे जमिनीवर जे असतं ना, ते पाणी नसतं."

किलोमीटररावांनी आपले पाय हळूच बुटात घातले.

त्यानंतर हवा जड झाली. तीनशे माणसांच्या तोंडाचा, काखांचा, पायांचा, अन्नाचा आणि वर मारलेल्या सुगंधी फवाऱ्याचा तो वास मुकादमबाईंना पाठ होता, पण दार उघडल्यावर तो त्यांच्यावर एकदम येई आणि पाऊण तासात त्या बाहेर पडत. इथे तो रांगत रांगत येत होता आणि दार नव्हतं. खिडकीशी बसलेल्या तरुणाने झोपेत पाय उचलून पुढच्या सीटच्या दोन पाठींच्या मधे घातला. पुढच्या माणसाच्या कोपराला तो लागला. त्या माणसाने मान वळवून पाहिलं आणि कोपर आत घेतला. सगळ्यांनी सगळं सोसायचं ठरवलं होतं, आणि आपण करतो तेही सोसलं जाईल याची प्रत्येकाला खात्री होती. जनावरं, मुकादमबाई मनात म्हणाल्या.

जीभ टाळूला चिकटली होती. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तेव्हा त्यांना वाटलं झोप येतेय. हवाई सुंदरीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि न विचारता संत्र्याच्या रसाचा पेला आणून दिला.

"मॅडम, थोडं घ्या. तुमचा चेहरा पांढरा पडलाय."

"घे गं," किलोमीटरराव म्हणाले. "अजून चार हजार किलोमीटर आहेत."

त्यांनी घेतला. पूर्ण दिवसाच्या रिकाम्या पोटात तो थंड, आंबट रस गेला आणि तितक्याच वेगाने उलटा फिरला. काय होणार ते त्यांना आधी कळलं. उलटीची कागदी पिशवी कुठे असते हेही त्यांना ठाऊक होतं. हजारो वेळा त्यांनी स्वतः ती घडी करून जागेवर ठेवली होती. ती समोर, गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, सीटच्या खिशात होती. बुटकीने पुसलेल्या खिशात. त्यांनी हात उचलला, खिशाच्या तोंडापाशी नेला, आणि बोटं मिटली. त्यांनी मिटली नाहीत, ती मिटली. मूठ खिशापुढे तशीच थांबली.

मग जे व्हायचं ते झालं. रस, पित्त आणि कडू पिवळं पाणी त्यांच्या मांडीवर, चादरीवर, नवी खोळ घातलेल्या सीटवर, नवऱ्याच्या बाहीवर आणि मार्गिकेच्या गालिच्यावर पडलं. दुसऱ्यांदा उलटी आली तेव्हाही मूठ उघडली नाही. किलोमीटरराव खिशात हात घालून पिशवी ओढून काढेपर्यंत पोटात काही उरलं नव्हतं.

पलीकडच्या बाईने, जिने टेबलावर लंगोट बदलला होता, आपले पाय वर घेतले आणि नाकाला पदर लावावा तसा बाळाचा रुमाल लावला. "शी," ती म्हणाली. हळू म्हणाली, पण मुकादमबाईंना ऐकू आलं.

हवाई सुंदरी पावडर, कागद आणि प्लास्टिकची मोठी पिशवी घेऊन आली. मुकादमबाई उठायला लागल्या. "मला हातमोजे द्या. आणि एक फडकं. मी करते, मला येतं."

"तुम्ही बसा, मॅडम."

"अहो, गादीत मुरेल ते. खोळ आत्ताच काढली पाहिजे."

"खाली उतरल्यावर लोक करतात ते," हवाई सुंदरी म्हणाली. तिने सीटवर प्लास्टिक पसरलं, त्यावर एक पांघरूण टाकलं आणि मुकादमबाईंना त्यावर बसवलं. दुसरी जागा नव्हती, विमान भरलेलं होतं.

शेवटी त्या शौचालयात गेल्याच. कचऱ्याचा डबा भरून वाहत होता, बेसिनमध्ये केस होते आणि जमीन ओली होती. आरशात एक बाई होती, तिच्या हनुवटीवर पिवळं वाळलं होतं. मुकादमबाईंनी तोंड धुतलं, कपडे जमतील तेवढे धुतले. बाहेर पडण्याआधी, नाइलाजाने, हातात कागदांचा जाड गठ्ठा धरून त्यांनी डब्यातला कचरा खाली दाबला. बाकीच्याला त्यांनी हात लावला नाही.

उरलेला वेळ किलोमीटरराव नकाशाकडे बघत होते. आकडे वाचून दाखवत नव्हते. एकदा फक्त म्हणाले, "हातमोजे मी पिशवीतून काढायला नको होते."

"गप्प बसा."

विमान टेकलं. माणसं उठली, वरचे कप्पे उघडले, आणि बेचाळीसाव्या रांगेशी आली की प्रत्येकाने थोडं दुसऱ्या बाजूने अंग काढून घेतलं. मुकादमबाई सगळ्यात शेवटी उठल्या. तोवर मागच्या दाराने टोळी आत आली होती. निळे कपडे, पिवळे हातमोजे, खांद्यावर पिशव्यांचं भेंडोळं. भाषा निराळी, चाल तीच. पुढची जाडसर बाई दारापाशी क्षणभर थांबली होती, हे मुकादमबाईंच्या नजरेतून सुटलं नाही. ती भराभर रांगा बघत आली, बेचाळीसपाशी थबकली, प्लास्टिकचं टोक उचलून खाली पाहिलं. मग वरचा नंबर पाहून मागच्या बाईला काही तरी म्हणाली. दोनच शब्द. मुकादमबाईंना त्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, पण त्यांना अर्थ विचारावा लागला नाही.

त्यांनी हाताने खूण केली, मी पुसते, मोजे दे. त्या बाईने त्यांच्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, ओल्या कपड्यांपर्यंत, सावकाश. मग दाराकडे बोट केलं.

"चल," किलोमीटरराव म्हणाले. "त्यांच्याकडे पाऊणच तास असतो."

बाहेरच्या मोठ्या दालनात लेक कठड्यापाशी उभी होती. पोट पुढे, एक हात कमरेवर, शेजारी जावई. आईला बघून ती दोन्ही हात पसरून पुढे आली. मुकादमबाईंनी लांबूनच हात उभा केला.

"थांब. जवळ येऊ नकोस. आधी अंघोळ."

लेक थांबली. तिला वास आलाच होता, त्यांनी तिच्या नाकपुड्या पाहिल्या. मग तिचा चेहरा खुलला, लहानपणी न्हाणीघराच्या दाराबाहेर खुलत असे तसा.

"आज कोणतं जनावर?"

मुकादमबाईंनी उभा केलेला हात खाली घेतला.

"बेचाळीस एच."

"काय केलं त्याने?"

"काय करायचं शिल्लक ठेवलं विचार. आणि समोर पिशवी होती."

"शीऽ," लेक म्हणाली आणि पोट सावरत हसायला लागली. जावईही हसला.

तिकिटावरचा तो नंबर किलोमीटररावांना पाठ होता. निघण्याआधी आठवडाभर त्यांनी तो गावभर सांगितला होता. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग सामानाच्या गाडीच्या दांड्याकडे.

"तेरा हजार सहाशे चार किलोमीटर," ते जावयाला म्हणाले. "तेही सरळ रेषेत. चाळीस मिनिटं त्याने कुठे तरी घालवलीच."